डोकं लाव

खडकीच्या मैदानाकडेला चिंच आहे,
तिच्या आडव्या फांदीला दोरी, दोरीला बॉल.
मीच टांगला, एकवीस वर्षांपूर्वी.
बॉल बदलत गेले, दोरी तीच.
पोरं रांगेत. उडी, कपाळ, धप्प. पुढचा.
उडी, कपाळ, धप्प.
मी ओरडायचो, डोकं लाव रे, डोकं लाव!
आणि कुणी डोळे मिटले
तर पुन्हा दहा.

मीही असाच वाढलो.
आमचा बॉल कातडी, चिखलात पाणी पिऊन
अधिक महिन्यातल्या जावयासारखा फुगायचा.
कारखान्याच्या टीममध्ये मी स्टॉपर,
उंच आलेला प्रत्येक बॉल माझा.
किती घेतले? कुणी मोजले?
गोल मोजले, कार्डं मोजली,
कँटीनवाल्यानं चहाचे कपसुद्धा मोजले.

आता रोझलिन स्वयंपाकघरात डब्यांना चिठ्ठ्या लावते
माझ्यासाठी. रवा. साखर.
शेगडीपाशी एक मोठी : गॅस बंद केलास?
यात बॉलचा हात किती आणि वयाचा किती,
डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत.
मी विचारलं होतं.
(दोनदा विचारलंस, ती म्हणते.)

गुरुवारी तृषाली लोंढे, वय अकरा,
कॉर्नरला उडाली, आणि बॉलच्या जागी
दुसऱ्या पोरीचं डोकं.
आवाज फारसा झाला नाही.
उठली, शॉर्टची माती झटकली, काही नाही सर, म्हणाली.
मग विचारलं, हाफटाइम झाला का.
झाला होता. सांगितलं.
पाणी प्यायली, बाटलीचं झाकण नीट लावलं,
आणि विचारलं, सर, हाफटाइम झाला का.

एके काळी म्हणालो असतो,
पाणी मार डोक्यावर आणि जा.
असतो काय, म्हणालोच आहे.
ती पोरं आता चाळिशीत असतील.
त्यांच्या डब्यांवर
अजून चिठ्ठ्या नसतील, अशी आशा.

तिला बाहेर बसवलं.
लोंढे रिक्षा आडवी लावून आले.
रविवारी सिलेक्शन आहे सर,
पोरीला नारळ दिलात का?

नारळ.
बाजारात घेताना काय करता हो, मी विचारलं.
कानाशी धरून हलवतो, पाणी बघतो.
तेच. बाहेरून शेंडीसकट साबूत,
हलतं ते आत.
एका धक्क्यानं हललं की दिसतं तरी,
रोज थोडं थोडं हललेलं कोण बघतो?
आणि हिची मान बघा, दुधीच्या देठाएवढी.
लोंढ्यांनी बघितली.
बहुतेक पहिल्यांदाच, मान म्हणून.
किती दिवस मग?
डॉक्टर म्हणतील तितके. वर आठवडा माझा.
ते खूश झाले नाहीत.
पण रिक्षा निघाली तेव्हा मी बघत राहिलो :
मागे ती, दप्तर मांडीवर,
आणि लोंढे, ज्यांना खड्डा दिसत नाही अशी ख्याती,
बोपोडीकडे वळताना
एकेक खड्डा चुकवत, बैलगाडीच्या चालीनं.

शनिवारी दोरी कापली.
गाठ सुटेना, फांदीच्या सालीत रुतली होती.
सालीवरचा वळ राहणार.
आता लहानांना हेडर नाही,
मोठ्यांचे वहीत लिहितो, आठवणीवर सोडत नाही.
जोडीजोडीनं मानेचे व्यायाम :
एकानं तळहात कपाळाला लावायचा,
दुसऱ्यानं रेटायचं, हलायचं कुणीच नाही.
पोरं हसतात. नवरा-नवरी म्हणतात.

पण जीभ जुनी आहे.
काल मुरुगेशकडे उंच बॉल आला
आणि मी ओरडलोच, डोकं लाव!
त्यानं छातीवर घेतला, खाली पाडला,
वळून विचारलं, लावू की नको, सर?
सगळं मैदान माझ्याकडे.
लाव, मी म्हणालो.
त्यानं बॉल तळव्याखाली दाबला,
मान वर केली,
आणि शांतपणे बघितलं
कोण मोकळं आहे.